तान्हूआत्याची डबी

तान्हूआत्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची नाही, पोटाकडे बघायची. आम्ही भूगावला राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं, हमाल आपसात हिंदीत भांडत होते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक नऊवारीतली काटक म्हातारी मेथी निवडत बसली होती. तिनं आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग उतरणाऱ्या फ्रिजकडे, मग परत पोटाकडे.

"कंच्या गावची गं?"

"अमरावती."

"तिकडं चालत न्हाईत व्हय?"

झाली ओळख. माझं नाव तिनं कधीच विचारलं नाही. शेवटपर्यंत मी 'अमरावती' होते. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त साठे हे 'बँक' होते आणि आयटीतली प्रणाली 'लातूर' होती. मी सुरुवातीला शिष्टपणे अहोजाहो केलं, तर म्हणाली, "अहो कुनाला म्हनतीस? मी तुजी सासू हाय का? आत्या म्हन." त्या दिवसापासून ती सगळ्या इमारतीची आत्या असल्याचं मला कळलं आणि मीही अगंतुगंवर आले.

आमच्या सोसायटीचं नाव इंग्रजी आहे. त्यात ग्रीन आहे आणि व्हॅली आहे. व्हॅली बिल्डरनं भराव टाकून बुजवली, ग्रीन पार्किंगसाठी तोडलं आणि नाव तेवढं कमानीवर लावून दिलं. ही इमारत उभी आहे तिथं पूर्वी आत्याची भातखाचरं होती. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आत्या, तिचा मुलगा आणि सून शीतल राहायचे. त्यामुळे आत्याच्या लेखी आम्ही सगळे तिच्या खाचरात उगवलेलं तण होतो. "तुज्या सैपाकघरात आमचा बांध हुता," असं ती चेअरमनला भर मीटिंगमध्ये सांगायची. चेअरमन मान डोलावायचे. बांधाबद्दल सोसायटीच्या नियमावलीत काही लिहिलेलं नव्हतं.

आता थोडं आमच्याबद्दल. आमच्या सोसायटीला तब्येतीचं वेड आहे. म्हणजे तब्येतीबद्दल बोलण्याचं. प्रणालीनं त्यासाठी एक ग्रुप काढला होता आणि त्या ग्रुपवर रोज सकाळी चहाबरोबर कॅन्सर यायचा. प्लास्टिकच्या डब्यातून यायचा, मायक्रोवेव्हमधून यायचा, कणकेच्या पांढऱ्या रंगातून यायचा. एके दिवशी लिंबाच्या सालीनं तो बरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी लिंबू सालीसकट खाल्ल्यामुळे झाला. हे सगळं वाचून आम्ही गंभीर व्हायचो, लिफ्टनं खाली उतरायचो, गाडीत बसायचो आणि गाडीनं वॉकिंग ट्रॅकपर्यंत जायचो. तांब्याच्या बाटल्या प्रत्येकाकडे होत्या. गव्हांकुराचा रस सकाळी, दुधीचा रस त्यानंतर. आणि शनिवारी हीच मंडळी ताम्हिणीच्या वाटेवर कुणाच्या तरी फार्महाऊसवर जाऊन कोळशावर काळंठिक्कर भाजलेलं चिकन आणि व्हिस्की घ्यायची. व्हिस्कीत साखर नसते, असं प्रणालीच्या नवऱ्यानं एकदा मला समजावून सांगितलं होतं.

आत्याकडे ग्रुप नव्हता. तिच्याकडे एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती खुर्ची लिफ्टच्या दारात टाकून ती सकाळी भाजी निवडत बसायची आणि लिफ्टकडे येणाऱ्याला विचारायची, "पाय भाड्यानं आनल्यात का? वापरलं तर मालक वरडंल?" गरोदर बाईला सूट होती, गॅसच्या सिलिंडरला सूट होती. आत्यापेक्षा वयानं मोठ्या माणसालाही सूट होती, पण तसं कुणी इमारतीत नव्हतं. माझं घर चौथ्या मजल्यावर. सकाळी ऑफिसला उतरताना तिची खुर्ची, संध्याकाळी मी परत येईपर्यंत ती उठलेली असायची, म्हणून मी संध्याकाळी लिफ्टनं वर जायचे आणि माझ्या पिशवीत बेकरीतली गरम खारी असायची. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली नाही तरी खारीचा वास आत्याच्या दारात बरोबर थांबायचा. सकाळी प्रश्न तयार असे. "काल मैदा खाल्लास न्हवं?"

साठे साहेबांशी तिचं खास वैर होतं. साठे रोज संध्याकाळी एक ग्लास वाईन घ्यायचे. त्याला दारू म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"हृदयासाठी असते ती, आत्या. डॉक्टर सांगतात."

"मग हृदयाला पाज की. तोंडातनं कशाला घेतुया?"

प्रणालीचा नवरा घरून काम करायचा. म्हणजे एका खुर्चीत सकाळी बसायचा आणि अंधार पडला की त्याच खुर्चीतून उठायचा. आत्याला हे शीतलकडून कळलं आणि तिला ते सहनच होईना. ती मनात येईल तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्याची बेल वाजवायची, त्याला गॅलरीपर्यंत दोन फेऱ्या मारायला लावायची आणि मग निघून जायची. एकदा दार उघडंच होतं. हा कानाला यंत्र लावून कुण्या साहेबाशी बोलत होता, पडद्यावर गोऱ्या माणसांच्या चौकटी होत्या. आत्या सरळ आत गेली, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "ऊठ. बुड चिकटलं का खुर्चीला?" साहेबांनी विचारलं, या कोण. हा गडबडला आणि म्हणाला, माझ्या फिटनेस कोच. पुढच्या आठवड्यात म्हणे त्या कंपनीत सगळ्यांना तासातासाला उठायची सूचना निघाली. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गोरं असलं तरी शानं दिसतंय."

नवऱ्याची विडी तिनं कशी सोडवली, ही गोष्ट ती प्रत्येक नवीन भाडेकरूला सांगायची. रोज सकाळी ती विड्यांचा कट्टा हंड्यात बुडवून ठेवायची आणि ओल्या विड्या मांडून त्याच्या पुढ्यात ठेवायची. तो शिव्या द्यायचा, ती भाकरी वाढायची. त्यानं एका पावसाळ्यात विडी टाकली. "तंबाखू लई वंगाळ," ती गोष्टीच्या शेवटी सांगायची. "आत समदं जाळती."

आणि खरं सांगते, बाईचं बहुतेक सगळं बरोबर होतं. जिने चढा, बसून राहू नका, ताटात पालेभाजी घ्या, नाचणी खा, दिवस मावळता जेवा, वजन उतरवा, दारूला हात लावू नका, धुराला तर नाहीच नाही. पुढे मी मोठ्या दवाखान्याच्या भिंतीवर कॅन्सर टाळण्यासाठी काय करावं याचा तक्ता वाचला, तेव्हा मला आत्याच बोलते आहे असं वाटलं. त्या तक्त्यातली पहिलीच ओळ तेवढी आत्याच्या बोलण्यात अर्धीच यायची, कारण उरलेली अर्धी आत्याच्या कनवटीला होती.

कधीकाळी बामची असलेली, झाकणावरचं चित्र पुसलेली एक पत्र्याची डबी. तिच्यात मिसरी. सकाळी उजाडलं की आत्या गॅलरीतल्या स्टुलावर बसायची, डबीतली काळी पूड डाव्या तर्जनीवर घ्यायची आणि शांतपणे दातांवर, हिरड्यांवर फिरवत राहायची. मग एक चिमूट गालात ठेवून देई. तोंड भरलेलं असल्यामुळे तिला तेवढा वेळ बोलता येत नसे. सोसायटीतल्या कितीतरी लोकांनी आपलं लिफ्टनं उतरणं त्या वेळेला बांधून घेतलं होतं.

ही मिसरी ती घरीच करायची. महिन्या-पंधरवड्याला गच्चीवर वीट मांडून, जुन्या तव्यावर तंबाखूची पानं पार काळी होईपर्यंत भाजायची. त्या वासानं आमची अख्खी विंग खोकायची. मी तिला पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, "आत्या, तंबाखूच आहे हा."

"तंबाखू कुटं? मिसरी हाय."

"तंबाखू भाजूनच करतेस ना?"

"भाजला की जातो त्याचा तंबाखूपना. तांदूळ शिजला की भात व्हतो, मग तांदूळ खाल्ला म्हनत्यात का?"

मला राग आला होता आणि हसूही येत होतं. आत्याशी वाद घालताना बहुतेकदा असंच व्हायचं.

शिवाय मिसरीचा मान वेगळा. माहेराहून, मुठ्याहून, कुणी बाई आली की चहाच्या आधी डबी पुढे व्हायची. डबी नाकारणं म्हणजे त्या घरचं पाणी नाकारण्यासारखंच. शीतल लग्न होऊन आली तेव्हा टूथपेस्टवाली होती. एकदा दाढ दुखली, सासूनं मायेनं चिमूटभर लावायला दिली, दाढ थांबली आणि मिसरी राहिली. आता दोघी गॅलरीत शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींशी न भांडता. शीतल म्हणायची, घरात शांतता नांदते ती तेवढाच वेळ.

आणि मग प्रणालीला आत्याचे दात दिसले.

झालं असं, की ग्रुपवर त्या सुमाराला टूथपेस्टमधून कॅन्सर येत होता. प्रणालीनं घरातल्या सगळ्या पेस्ट फेकल्या आणि 'केमिकल-फ्री' शोधू लागली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला आत्या तवा घेऊन बसलेली दिसली. सत्तरी गाठलेली बाई, सगळे दात जागच्या जागी, आणि समोर ताजी, घरगुती, काळी पूड. आम्ही ज्या वासानं खोकत होतो त्याला प्रणाली 'अर्दी' म्हणाली, म्हणजे मातीचा. आत्यानं मोठ्या मनानं वाटीभर दिली. कुणी मागितलं तर नाही म्हणणं तिला माहीतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चार उच्चशिक्षित बायका रोज सकाळी मिसरी लावत होत्या. प्रणालीनं ती सुतळी बांधलेल्या काचेच्या बरणीत भरली होती आणि वर छापील कागद चिकटवला होता: 'आत्याज् सीक्रेट'. पहिल्या दिवशी तिला गरगरलं आणि मळमळलं. ग्रुपवर तिनं लिहिलं, शरीरातली विषं बाहेर पडत आहेत. मग एक दिवस लावायची राहिली तर तिचं डोकं दुखलं, चिडचिड झाली, नवऱ्यावर ओरडली. त्यावरून शरीराला आता ह्या नैसर्गिक गोष्टीची गरज कळू लागली आहे, असं तिनं अनुमान काढलं. मी तिला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं, "अगं बाई, तंबाखू आहे तो. तू तंबाखू लावते आहेस."

"तुम्ही ना ताई, फार निगेटिव्ह आहात," ती म्हणाली. "आपल्या आज्या वेड्या होत्या का?"

माझी आजी मिसरी लावत नव्हती, पण ते ऐकण्याइतका वेळ प्रणालीला नव्हता.

थोड्या दिवसांनी प्रणालीनंच सोसायटीत दातांचं शिबिर ठेवलं. एक तरुण डॉक्टरीण आली, क्लबहाऊसमध्ये टेबल-खुर्ची मांडली, दिवा लावला. रांग लावण्याचं काम आत्यानं न विचारता घेतलं. साठे साहेब झोपले होते, त्यांना उठवून आणलं. मला दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरीण नुसते दात बघत नव्हती, गाल आतून बघत होती, जीभ उचलून बघत होती, तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघत होती. प्रणालीच्या तोंडात तिनं जरा जास्त वेळ बघितलं.

"मिसरी कधीपासून लावताय?"

प्रणाली हसली. "मिसरी नाही, मॅडम. चारकोल पावडर आहे. होममेड." आणि अभिमानानं बरणी आणून दाखवली.

डॉक्टरणीनं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. "हा भाजलेला तंबाखू आहे."

प्रणालीनं बरणीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "पण ऑरगॅनिक आहे ना?"

"तंबाखू ऑरगॅनिकच असतो," डॉक्टरीण म्हणाली. "आजी, तुम्ही या आता. बसा. तोंड उघडा."

आत्या रांगेच्या टोकाला उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. बांध, खाचर, खुर्ची, सगळं काढून घेतल्यासारखा.

"मला काय जालंय?" ती म्हणाली. "तंबाखू पुरुष खात्यात. बायका मिसरी लावत्यात. माज्या आयनं लावली, तिच्या आयनं लावली."

"तरी एकदा बघू द्या."

"माजं त्वांड मी जेवायला उघडते आन बोलायला. दाखवायला न्हाई." आणि पदर खोचून ती जिन्यानं वर निघून गेली.

चारही बायकांनी मिसरी सोडली. प्रणालीनं ग्रुपवर ह्या विषयाचं नाव काढलं नाही, दोन दिवसांनी कडुनिंबाच्या काड्या मागवल्या. म्हणजे शिबिराचा उपयोग सगळ्यांना झाला, एक आत्या सोडून.

त्यानंतर मी तिच्याकडे जरा लक्ष देऊन बघायला लागले. आत्या एकाच बाजूनं चावत होती. ठेच्याशिवाय जिचा घास उतरत नसे ती ताटातला ठेचा शीतलकडे सरकवत होती. विचारलं तर, "उष्णता हाय." तोंड आलंय म्हणून साजूक तूप लावायची, जाईचा पाला चघळायची, आणि त्या तुपावर सकाळी परत मिसरी. शीतल मला जिन्यात भेटून हळूच म्हणाली, "लई दिस झालं वो, गालाच्या आत जखम हाय. बरीच हुईना. सांगितलं तर अंगावर येत्यात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दातांच्या कडा काळ्या होत्या.

डॉक्टरणीनं शिबिरात सगळ्यांना सांगितलं होतं, की तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा, दुखत नसला तरी दाखवायचा. आत्या तेव्हा दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसली होती. मी तिला तिच्या घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "ए अमरावती, आदी तुजं वजन बघ."

मला फार राग आला. त्या रागातच मला ते सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या फिरून यायच्या आत मी खाली गेले आणि लिफ्टच्या दारातल्या तिच्या खुर्चीत बसले.

ती आली. बघत राहिली. "ऊठ."

"नाही उठत. तू दवाखान्यात चल, मी लिफ्ट सोडते. कायमची. चार मजले."

आत्याला सौदा कळायचा, जमीन विकलेल्या घरातली होती ती.

"आन खारी?"

"खारी पण सोडते."

तेवढ्यात साठे लिफ्टसाठी येऊन उभे राहिले. आत्यानं त्यांच्याकडे बोट केलं. "आन ही बँक? ह्यानं दारू सोडली तर येते."

"माझा काय संबंध?" साठे म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं, सोडतो. रविवार सोडून."

"मग मी बी रविवार सोडून दावते त्वांड."

साठ्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला आणि रविवारही सोडला. लिफ्ट आली होती, ती रिकामीच वर गेली. आम्ही तिघं जिन्यानं चढलो, आत्या सगळ्यांच्या पुढे.

पुण्यातल्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि जे वाटत होतं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, गाठ पसरली आहे, गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागेल. लवकर आला असतात तर लहान काम होतं. शीतल भिंतीला टेकून रडली. आत्या रडली नाही. तिनं डॉक्टरांच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी तरी चालत जावा." नीट ऐकू आलेलं तिचं ते शेवटचं बोलणं.

ग्रुपवर ह्या बातमीनं हाहाकार उडाला. इतकी नॅचरल राहणी असलेल्या बाईला कॅन्सर होतोच कसा, ह्यावर दोन दिवस चर्चा झाली. पाणी, दूध, भाज्यांवरची फवारणी असं करत करत गाडी गच्चीवरच्या मोबाईल टॉवरपाशी आली. टॉवर हटवण्यासाठी अर्ज तयार झाला आणि त्यावर सगळ्यात आधी सही प्रणालीनं केली. मिसरी हा शब्द त्या अख्ख्या चर्चेत कुणी लिहिला नाही. शेवटी मी लिहिला. त्याच्या खाली कुणीतरी सुप्रभात टाकलं.

ऑपरेशननंतर आत्या घरी आली ती अर्धा चेहरा पदराखाली घेऊन. बोलणं फक्त शीतलला समजायचं, तेही अंदाजानं. जिच्या तोंडाला सगळी सोसायटी भ्यायची तिला पेज नळीनं द्यावी लागत होती. मला वाटलं होतं, आता ही गॅलरीत बसून राहील. पंधरा-वीस दिवसांत तिची खुर्ची लिफ्टच्या दारात परत आली, आता संध्याकाळचीही. बोलता येत नव्हतं, तर ती टाळी वाजवायची. मी धापा टाकत चढायला लागले की खालून टाळ्या. एक मजला झाला, की परत टाळ्या. साठ्यांना बघून तर ती ग्लास रिकामा करण्याची अशी काही खूण करायची की ते पहिला मजला धावतच चढायचे.

पण आता ती पोटाकडे बघत नव्हती. माणूस समोर आलं की पहिल्यांदा तोंडाकडे बघायची. शीतलला रोज सकाळी गॅलरीत उजेडाला उभं करायची, हनुवटी वर करायची आणि टॉर्च मारून गाल आतून बघायची. शीतलनं मिसरी टाकली होती. पहिले काही दिवस ती घरभर भांडी आपटत फिरली, डोकं धरून बसली, मला म्हणाली, "ताई, जीव जाईल असं वाटतंय." आत्या तिच्या शेजारी बसून राहायची, हात धरून. ह्या दोघी आता मिसरीशिवायही भांडत नव्हत्या.

आत्या गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. आजार परत आला, मानेत. त्या वेळी ती माहेरी मुठ्यालाच राहिली आणि तिथेच गेली, त्यामुळे मी तिला नंतर बघितलं नाही. मी चार मजले अजून चढते. खारी घरात आणत नाही. बाहेर काय होतं ते विचारू नये. साठ्यांच्या घरातून रविवारी बाटलीचा आवाज येत नाही, हे मात्र मी कान लावून खात्री करून घेतलेलं आहे. लिफ्टच्या दारात खुर्ची नाही. तिची आठवण झाली की मला वाईट वाटतं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तर फारच वाटतं.

मी तिला शेवटचं बघितलं तेही मुठ्यालाच, आजार परत यायच्या आधी. तिच्या धाकट्या बहिणीच्या, सरूमावशीच्या नातीचं बारसं होतं. गाडी माझी, म्हणून मी; आत्या पुढे, शीतल मागे. पाळणा झाला, नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि रीतीप्रमाणे बायका मागच्या पडवीत जाऊन बसल्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात सुपारी. आणि डब्या निघाल्या. पितळेची एक, प्लास्टिकची एक, गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीतली एक. सरूमावशीनं जन्मभराच्या सवयीनं आपली डबी आधी थोरल्या बहिणीपुढे केली. "घे अक्का."

आणि मग आपण काय केलं ते तिला कळलं. हात तसाच राहिला.

आत्यानं डबी घेतली नाही. तिनं सावकाश पदर खाली केला आणि तोंड उघडलं. डॉक्टरीण एवढ्या गोडीनं म्हणाली होती तेव्हा जे उघडलं नव्हतं ते. एका बाजूचा गाल आतून शिवलेला, खाली दात नाहीत, जीभ एकीकडे ओढलेली. पडवीतल्या पंधरा बायकांपैकी निम्म्यांनी मान फिरवली. आत्या उठली, मान फिरवलेल्या प्रत्येकीपुढे जाऊन उभी राहिली, हनुवटीला धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि दाखवलं. मग तळहात पुढे केला.

"आमी लई न्हाई लावत, अक्का," एक पोरसवदा बाई म्हणाली. "सकाळचीच." तळहात हलला नाही. तिनं प्लास्टिकची डबी त्यावर ठेवली. आत्यानं ती शीतलच्या ओटीत टाकली. मग पितळेची आली. बाटली आली. एका म्हातारीनं दिली नाही, ती उठून गेली.

सगळ्यात शेवटी ती सरूमावशीपुढे येऊन बसली. सरूमावशीनं डबी कनवटीला खोचली होती. "तुजं नशीब, अक्का," ती रडवेल्या सुरात म्हणाली. "आपल्या आयनं जलमभर लावली. तिला काय जालं?"

हेच उत्तर आत्यानं डॉक्टरणीला दिलं होतं. ह्याला काय म्हणायचं ते आता तिला नक्की ठाऊक असणार, आणि आता बोलता येत नव्हतं. ती नुसती बसून राहिली, बहिणीच्या समोर, तोंड उघडं, हात पुढे. तोंडातून लाळ पदरावर गळत होती. नऊवारीला कधी डाग पडू न देणारी बाई, पण तिनं ती पुसली नाही. आत कुणीतरी चहाचं विचारत होतं, पोर रडायला लागलं होतं, सरूमावशी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती. मला वाटलं आता हिचा हात भरून येईल. शीतल पुढे झाली तर आत्यानं दुसऱ्या हातानं तिला मागे सारलं.

सरूमावशीच्या फडताळात दुसरी डबी असणार, हे मला दिसत होतं. आत्याला तर माझ्या आधी दिसलं असणार. तरी ती हलली नाही. शेवटी सरूमावशीनं डोळ्यांना पदर लावला, कनवटीत हात घातला आणि डबी काढून तिच्या हातावर ठेवली. तेव्हा कुठे आत्यानं तोंड मिटलं.